फोटोला चौकट घालताना

हॉबी क्लबच्या संगणकावर ‘फ्रेम्स’ नावाचा एक फोल्डर आहे. गुलाबाच्या वेली, सोनेरी नक्षी, फुगे, बर्फाचे कण, फिल्मची पट्टी असे कितीतरी तयार नमुने त्यात साठले आहेत. बहुतेक कॅडेटांची पद्धत एकच असते. फोटो उघडायचा, त्यावर एक नमुना टाकायचा आणि प्रिंट काढायची. पाच मिनिटांत काम होते आणि फोटो सजलेला दिसतो. या लेखात मला दुसरी पद्धत सांगायची आहे. तिला पंधरा-वीस मिनिटे लागतात, पण तिच्यात फोटोचा एक कणही झाकला जात नाही.

तयार चौकट म्हणजे काय, ते आधी पाहू. ती पीएनजी प्रकारची फाइल असते. पीएनजीमध्ये चित्राचा काही भाग पारदर्शक ठेवता येतो, जेपीईजीमध्ये ती सोय नाही. चौकटीच्या कडा रंगीत असतात आणि मधला भाग पारदर्शक. ती फोटोवर ठेवली की खिडकीतून पाहिल्यासारखा फोटो मधून दिसतो. म्हणजे ही चौकट फोटोच्या भोवती बसत नाही, ती फोटोच्या अंगावर बसते. कडेला जे काही असेल ते तिच्याखाली जाते.

किती जाते? गणित करून पाहा. ४ × ६ इंचाची प्रिंट घ्या. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ती १२०० × १८०० पिक्सेलची होते. चौकटीची पट्टी चारही बाजूंनी फक्त १०० पिक्सेलची, म्हणजे इंचाचा तिसरा भाग, करंगळीच्या नखाएवढी. उरलेला फोटो १००० × १६०० पिक्सेल, म्हणजे १६ लाख. मूळचे पिक्सेल होते २१ लाख ६० हजार. म्हणजे ५ लाख ६० हजार झाकले गेले, जवळजवळ २६ टक्के! नखाएवढ्या पट्टीने फोटोचा चौथा हिस्सा खाल्ला.

आणि हा चौथा हिस्सा सगळाच्या सगळा कडेचा असतो. ग्रुप फोटोत कडेला कोण असते ते आठवा. मधोमध प्रिन्सिपल सर, त्यांच्या दोन्ही बाजूंना ऑफिसर आणि हाऊस मास्टर, मग प्रीफेक्ट, मग बाकीचे. रांगेच्या अगदी टोकाला मेसमधले, ग्राउंडवरचे आणि लाँड्रीचे कर्मचारी.

गेल्या सत्रात मेसमधले एक चाचा निवृत्त झाले. हाऊसच्या फोटोत ते उजव्या टोकाला उभे होते. तोच फोटो त्यांना निरोपाच्या वेळी भेट द्यायचा ठरला. बाहेरून प्रिंट करून आली तेव्हा तिच्यावर सोनेरी पानांची चौकट होती, आणि उजवीकडची दोन पाने बरोबर चाचांच्या चेहऱ्यावर आली होती. टोपीचे टोक आणि एक कान तेवढा दिसत होता. ज्यांना भेट द्यायची तेच भेटीत नव्हते. निरोपाला दोन दिवस बाकी होते. मूळ फाइल हाऊस मास्टर सरांच्या पेन ड्राइव्हवर होती म्हणून बरे. पुढची आकडेमोड त्याच फाइलची आहे. ती फोनवर काढलेली, ४००० × ३००० पिक्सेलची होती.

साधन म्हणून मी ‘गिम्प’ वापरतो. १९९५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तो करायला घेतला. तो फुकट मिळतो, मोठा परवाना लागत नाही आणि शाळेतल्या जुन्या संगणकावरही चालतो. खाली दिलेली मेनूची नावे २.१० आवृत्तीतली आहेत.

चौकटीला हात लावण्यापूर्वी कागदाचा आकार ठरवा. इथे बहुतेकांचे लक्ष नसते. फोनचा फोटो साधारणपणे ४ : ३ या प्रमाणात असतो. ४ × ६ इंचाचा कागद मात्र ३ : २ प्रमाणाचा. ही दोन प्रमाणे जुळत नाहीत. फोटो पूर्ण कागदभर यायचा असेल तर ४००० रुंदीला उंची ४००० ÷ १.५, म्हणजे सुमारे २६६७ हवी. आपल्याकडे आहे ३०००. मग ३३३ ओळी वरून-खालून कापल्या जातात, पूर्ण नववा हिस्सा. चौकट घालण्याआधीच मागच्या रांगेच्या टोप्या आणि पुढच्या रांगेचे बूट गेले. स्टुडिओवाला हे विचारून करत नाही, त्याचे यंत्र आपोआप करते.

चौकटीचा खरा उपयोग इथे होतो. फोटो कापून कागदाएवढा करण्याऐवजी चौकट वाढवून कागदाचे प्रमाण गाठता येते. वरची आणि खालची पट्टी प्रत्येकी ‘य’ आणि डावी-उजवी पट्टी प्रत्येकी ‘क्ष’ धरा. ४ × ६ साठी रुंदी ही उंचीच्या दीडपट हवी :

४००० + २क्ष = १.५ × (३००० + २य)

सोडवल्यावर क्ष = २५० + १.५य. वर-खाली २०० पिक्सेल ठेवले तर बाजूंना ५५० येतात आणि एकूण चित्र ५१०० × ३४०० होते. भागून पाहा, बरोबर दीड. याच रीतीने ५ × ७ इंचासाठी क्ष = १०० + १.४य मिळते. तिथे वर-खाली २०० आणि बाजूंना ३८०. दहावीचे समीकरण इतक्या कामाला येईल असे वर्गात वाटले नव्हते.

८ × १० इंचाच्या कागदाचे गणित सर्वांत छान सुटते. तिथे क्ष = १.२५य − १२५. दोन्ही पट्ट्या सारख्या हव्या असतील तर क्ष आणि य दोन्ही ५०० येतात, आणि चित्र ५००० × ४००० होते. म्हणजे इंचाला ५०० पिक्सेल. पट्टी चारही बाजूंनी नेमकी १ इंच आणि मधला फोटो ८ × ६ इंच. चाचांच्या फोटोसाठी आम्ही हाच कागद घेतला. कागदाचा ४० टक्के भाग चौकटीला जातो, हे खरे आहे. ज्याला मोठ्यात मोठा फोटो हवा त्याला हे पटणार नाही. पण फोटोतले सगळेच्या सगळे राहतात.

आता प्रत्यक्ष काम. मूळ फाइलची कॉपी करा आणि कॉपीच उघडा. उघडल्याबरोबर ‘फाइल’ मेनूतून ‘सेव्ह अ‍ॅज’ करून तिला एक्ससीएफ हा प्रकार द्या. हा गिम्पचा स्वतःचा प्रकार आहे आणि यात सगळे लेयर वेगवेगळे जपले जातात.

मग ‘इमेज’ मेनूत ‘कॅनव्हास साइझ’. इथे ‘स्केल इमेज’शी गल्लत होऊ देऊ नका. स्केल केल्याने फोटोच ताणला जातो, कॅनव्हास वाढवल्याने फोटो तसाच राहून त्याच्या भोवतीची जागा वाढते. फोटो हा टेबलावर ठेवलेला कागद समजा आणि कॅनव्हास म्हणजे टेबल. आपण टेबल मोठे करतो आहोत. रुंदी-उंचीच्या शेजारी साखळीचे चिन्ह असते, ते आधी मोकळे करा, नाहीतर एक आकडा बदलला की दुसराही बदलतो. रुंदी ५०००, उंची ४००० लिहा.

त्याच खिडकीत खाली ‘ऑफसेट’ असतो. फोटो नव्या जागेत कुठे बसणार हे त्यावरून ठरते. ‘सेंटर’ दाबले तर सगळीकडे ५०० येतील. मी क्ष-अक्षावर ५०० आणि य-अक्षावर ४०० देतो. त्यामुळे वर ४०० आणि खाली ६०० राहतात. फोटो बरोबर मध्यावर ठेवला तर डोळ्यांना तो किंचित खाली घसरल्यासारखा वाटतो. चित्रांना माउंट करणारे कारागीर म्हणूनच खालची पट्टी थोडी रुंद ठेवतात. शिवाय तिथे मजकूर लिहायला जागा होते.

आता ‘लेयर’ मेनूतून ‘न्यू लेयर’. त्याचा आकार आपोआप पूर्ण चित्राएवढा येतो. त्यात पांढरा किंवा आपल्याला हवा तो रंग भरा आणि लेयरच्या यादीत त्याला ओढून फोटोच्या खाली न्या. झाला माउंट तयार. इतके केले तरी फोटो बराच देखणा दिसतो. पुष्कळदा मी इथेच थांबतो.

पुढे जायचे असेल तर फोटोलगत एक बारीक रेघ घाला. फोटोचा लेयर निवडून ‘लेयर’, ‘ट्रान्सपरन्सी’, ‘अल्फा टू सिलेक्शन’ असे जा. फोटोभोवती हलणाऱ्या मुंग्यांची रांग दिसेल. मग ‘सिलेक्ट’ मेनूत ‘ग्रो’ करून २० लिहा. रांग २० पिक्सेल बाहेर सरकेल. आणखी एक नवा लेयर फोटो आणि माउंट यांच्यामध्ये घ्या, त्यात ‘एडिट’ मेनूतून रंग भरा. फोटो वर असल्यामुळे फक्त बाहेरचे २० पिक्सेल दिसतात. इंचाला ५०० या हिशोबाने ही रेघ १ मिलिमीटरची होते. लेयरचा क्रम लक्षात ठेवा : सर्वांत वर फोटो, मध्ये रेघ, तळाशी माउंट. हा क्रम पाळला की चौकट फोटोवर चढूच शकत नाही. चेहरा वाचवण्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागत नाही.

घाई असेल त्यांच्यासाठी ‘फिल्टर्स’ मेनूतल्या ‘डेकोर’मध्ये ‘अ‍ॅड बॉर्डर’ आहे. आडव्या आणि उभ्या पट्टीची जाडी व रंग दिला की तो पट्टी लावून देतो. ‘डेल्टा’ नावाचा आकडा वाढवला की चार बाजूंच्या छटांत फरक पडतो आणि लाकडी फ्रेमसारखा उठाव येतो. त्याच यादीत ‘कॉफी स्टेन’ही आहे. फोटोवर कॉफीचे डाग पाडण्यासाठी! किट इन्स्पेक्शनला शर्टावर पुसटसा डाग निघाला तरी ज्यांची धडगत नसते, त्यांनी तो हौसेने कशाला वापरावा, हे मला कळलेले नाही.

रंगाकडे थोडे थांबू. मिशेल शेव्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गोबलँ या प्रसिद्ध कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. काळ्या रंगात दोष नव्हता. शेजारच्या रंगामुळे डोळ्यांना तो तसा दिसत होता. यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या कामाचा भाग एवढाच की चौकटीचा रंग फोटोचा रंग बदलतो. एकच करडा कबुतराचा फोटो काळ्या माउंटवर उजळ आणि पांढऱ्यावर गडद दिसतो. दोन्ही करून शेजारी ठेवून पाहा. भडक लाल चौकट घातली तर शेजारचे चेहरे हिरवट वाटू लागतात.

म्हणून रंग फोटोतूनच घ्यावा. ‘कलर पिकर’ने फोटोतल्या एखाद्या गडद जागेवर क्लिक करा, झाडाच्या सावलीवर किंवा ब्लेझरच्या घडीवर. तो रंग रेघेला द्या आणि माउंट मोतिया पांढरा ठेवा. चाचांच्या फोटोत रेघेला हाऊसच्या झेंड्यातला गडद मरून घेतला होता. सोनेरी रंग पडद्यावर चमकतो, प्रिंटमध्ये तो मोहरीसारखा उतरतो, कारण साध्या प्रिंटरमध्ये सोनेरी शाई नसतेच.

नक्षीचे काय? मी नक्षीच्या विरुद्ध नाही. आपल्याकडे तर चित्राच्या कडेला चित्राइतकाच मान होता. मुघल दरबारात चित्रे आणि सुलेखन यांचे संग्रह बांधत, त्यांना मुरक्का म्हणत. त्यातली चित्रे वेगवेगळ्या मापांची असत, पण पाने एका मापाची लागत. म्हणून चित्र मोठ्या कागदावर डकवून भोवती रुंद हाशिया ठेवत. हाशिया म्हणजे आपण वहीत सोडतो तो समास. शाहजहानच्या काळातल्या अशा समासांवर सोनेरी कामासह फुलझाडे रंगवलेली आहेत. चित्र आणि समास पुष्कळदा वेगवेगळ्या कलावंतांचे असत. आपण कॅनव्हास वाढवतो ती हीच युक्ती. अर्थात तिथेही पानात बसवण्यासाठी काही चित्रांच्या कडा छाटल्या गेल्या आहेत, म्हणजे आपली अडचण तशी जुनीच आहे.

खालची रुंद पांढरी पट्टी असलेली ‘पोलरॉइड’ चौकट आपल्या क्लबमध्ये फार लोकप्रिय आहे. ती सजावट म्हणून जन्मलेली नाही. १९७२ मध्ये आलेल्या पोलरॉइडच्या एसएक्स-७० कॅमेऱ्यात फोटो बाहेर येता येताच धुतला जाई, आणि त्यासाठी लागणारे रसायन त्या खालच्या पट्टीतल्या छोट्या पिशवीत भरलेले असे. पुढे लोक तिथे तारीख लिहू लागले. कामासाठी ठेवलेली जागा शोभेची झाली. हे कळल्यापासून मला ती चौकट जास्त आवडू लागली.

स्वतः नक्षी काढायची असेल तर पैठणीचा काठ पाहा. आईची नसेल तर आजीची असेल, सुट्टीत घरी गेल्यावर फोनवर काठाचा जवळून फोटो घ्या. नारळी काठात त्रिकोणी टोके एकामागून एक येतात. एक टोक नीट काढले की बाकीचे कॉपी करून ओळीने लावता येतात. कोपऱ्यांसाठी २.१० आवृत्तीत ‘सिमेट्री पेंटिंग’ आहे. ‘विंडोज’ मेनूत ‘डॉकेबल डायलॉग्ज’मध्ये ते सापडेल. ‘मिरर’ निवडून आडवी, उभी आणि केंद्रीय अशा तिन्ही सममिती चालू केल्या की एका कोपऱ्यात काढलेली वेल चारही कोपऱ्यांत उमटते. आपण वर ४०० आणि खाली ६०० ठेवले आहेत, हे मात्र ध्यानात घ्या. आरसा कागदाच्या मध्यावर धरलेला असतो, फोटोच्या मध्यावर नाही. म्हणून वेल कागदाच्या कडेजवळ ठेवा. फोटोच्या कोपऱ्याला चिकटवली तर खाली ती सुटलेली दिसेल. आणि हे सारे वेगळ्या लेयरवर, फोटोच्या खाली.

वारली चौकट करावी असे पुष्कळांना वाटते, विशेषतः महाराष्ट्राबाहेर शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना. गेरूच्या रंगावर पांढऱ्या आकृत्या उठून दिसतात आणि काढायलाही सोप्या वाटतात. पण वारली लग्नात भिंतीवर जो चौक लिहितात त्याच्या आत पालघट देवी असते आणि भोवतीच्या नक्षीच्या पट्ट्या तिच्यासाठी असतात. तो चौक जसाच्या तसा घेऊन मध्ये आपल्या फुटबॉल टीमचा फोटो बसवणे मला बरोबर वाटत नाही. नाचणारी माणसे, झाडे, बैल एका ओळीत काढून पट्टी करा, ते चांगले दिसते.

आपल्या शाळेत आणखी एक गोष्ट पाळावी लागते. अशोकस्तंभाचे राजचिन्ह चौकटीच्या कोपऱ्यात शोभेसाठी लावायचे नाही. त्याच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. राष्ट्रध्वजावर अक्षरे लिहायला ध्वजसंहितेत मनाई आहे, तेव्हा झेंड्याचे चित्र पट्टीला वापरून त्यावर ‘समर कॅम्प’ लिहिणेही नको. रेजिमेंटची चिन्हे ज्यांनी कमावली त्यांच्याकडेच शोभतात.

पक्ष्यांच्या फोटोंना नक्षी लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खंड्याच्या पंखांत जे रंग आहेत त्यांच्याशी स्पर्धा करायला चौकटीने जाऊ नये. काळी बारीक रेघ आणि पांढरा माउंट पुरे. ट्रेकच्या फोटोंना थोडी मोकळीक घेता येते, सणांच्या फोटोंना बरीच. आकाशकंदिलाच्या फोटोला झिरमिळ्यांची चौकट कोणी केली तर मी तक्रार करणार नाही.

मजकूर लिहिताना ‘टेक्स्ट’ साधनात युनिकोडचा देवनागरी फाँट घ्या, म्हणजे जोडाक्षरे फुटत नाहीत. खालच्या ६०० पिक्सेलच्या पट्टीत एक ओळ पुरते : प्रसंग, जागा आणि वर्ष. सगळ्यांची नावे तिथे मावत नाहीत. ती रांगेप्रमाणे, डावीकडून उजवीकडे, वेगळ्या कागदावर टाइप करून फोटोच्या मागे चिकटवावीत. रांग टोकापर्यंत लिहावी. ‘आणि मेस स्टाफ’ असे लिहून सोडून देऊ नये, त्यांनाही नावे आहेत. आम्हाला दोन नावे माहीत नव्हती, ती मेसमध्ये जाऊन विचारून आणली.

काम झाल्यावर एक्ससीएफ फाइल सेव्ह करा आणि मग ‘फाइल’ मेनूतून ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’ने जेपीईजी काढा. गुणवत्ता ९० ठेवली तर चालते. जेपीईजी पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह करू नका, दर वेळी थोडा तपशील गळतो. बदल करायचा झाला तर एक्ससीएफ उघडा आणि नवी जेपीईजी काढा. एक्स्पोर्टच्या खिडकीत पुढच्या पर्यायांमध्ये ‘एक्सिफ’ माहिती ठेवायची की नाही याची खूण असते. फोनच्या फोटोत तारखेबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. कॅम्प किंवा कॅम्पसमधला फोटो बाहेर द्यायचा असेल तर ती खूण काढून टाका. प्रिंट करणाऱ्याला ‘फिट करा, क्रॉप करू नका’ असे तोंडी सांगा आणि कागदाचे मापही लिहून द्या. मूळ फोटो, एक्ससीएफ आणि जेपीईजी या तिन्ही फाइलींना एकच नाव व पुढे वर्ष द्या, आणि मूळ फोटो क्लबच्या ‘ओरिजिनल’ फोल्डरमध्ये न बदलता ठेवा.